फासाचं पान

आमच्या प्रणितला माणसाकडे नीट पाहायची सवयच नाही. घरात शिरला की आधी वर पाहतो, उजेड कुठून येतो ते. मग भिंत पाहतो, मग चूल, मग चुलीवरचं भांडं, आणि एवढं सगळं पाहून नजर उरली तर आजी. पाया पडतो तेही गळ्यातला कॅमेरा एका हाताने सावरत. यंदा माघात आला तेव्हा त्याच्या मामीने, म्हणजे माझ्या सुनेने, कमळाने, दारातच त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. बाई वर्षभरात वाळून काडी झालेली. हा तिला काय म्हणाला असेल?

"मामी, अशीच थांब जरा. मागून उजेड छान येतोय."

मी आतून ओरडले, "पाणी पे अगुदर! उजेड का पळून जाऊन राह्यला का?"

तो हसला. त्याला वाटतं आजी गंमत करते.

प्रणित माझ्या लेकीचा, रीताचा मुलगा. बाप वीज केंद्रात, त्यामुळे पोरगा ऊर्जानगरच्या क्वार्टरात वाढला. नागपुरात फोटोचं शिकला. पोटासाठी लग्नाचे फोटो काढतो आणि मनासाठी दुसरेच काहीतरी. त्या दुसऱ्याच्या पायी तो आमच्या पोथीपर्यंत आला.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या देवळापासून बैलबंडीच्या अंतरावर. घरात मार्कंडेयाची हाताने लिहिलेली पोथी आहे. सुटी लांबट पानं, खालीवर सागाच्या फळ्या, भोवती लाल कापडाचं बासन. प्रत्येक पानाला तांबड्या दुहेरी रेघांची चौकट, मधे काळी अक्षरं, आणि जागोजागी चित्रं. पोथी जीर्ण झाली की घरातला कोणी तिची नक्कल उतरवतो, नवी वाचून होते, मग जुनी नदीत सोडतात. किती पिढ्या चाललंय ते देवाला ठाऊक. आताची माझ्या सासऱ्यांच्या हातची. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण याच पोथीवर बोट ठेवून ठेवून मी वाचायला शिकले. गावात कोणाला मान्य नसेल तर माझ्यासमोर येऊन म्हणावं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मार्कंडेयाचं आयुष्य सोळा वर्षांचं. वेळ भरली, यम रेड्यावर बसून आला, पोराने महादेवाच्या पिंडीला मिठी मारली, यमाने फास टाकला. ते एक पान. पुढच्या पानावर पिंडीतून महादेव निघतो, यमाला लाथ घालतो, पोरगा सुटतो. पहिल्याला आम्ही फासाचं पान म्हणतो, दुसऱ्याला सोडवणुकीचं.

या दोन पानांचा आमच्या घरात नेम आहे. फासाचं पान उघडलं की सोडवणूक वाचल्याशिवाय उठायचं नाही आणि बासन तर बांधायचंच नाही. नक्कल करणाऱ्यालाही तेच. सासऱ्यांनी ही दोन पानं उतरवली त्या दिवशी बाहेर बैल दावं तोडून हरभऱ्यात शिरले. सासूबाई बोंबलत होत्या. सासरे उठले नाहीत. पोराच्या गळ्यात फास ठेवून उठायचं कसं, म्हणाले.

गेल्या वर्षीच्या माघात प्रणितने सांगितलं, नवी पोथी मी करतो. अक्षरं जुन्या वळणाची, रेघा तांबड्या, सोन्याचा वर्ख, आभाळ आणि झाडं पोथीत असतात तशीच सपाट रंगवलेली. फक्त माणसं फोटोची. आपल्या गावची.

"देवादिकाच्या जागी गावचे लोक?" मी म्हटलं. "गावात देवासारखं कोण दिसलं तुले?"

"आजी, जुन्या चिताऱ्यानं तरी काय केलं असेल? डोळ्यासमोरचेच चेहरे घातले असतील ना."

बोलणं मला पटलं. यमासाठी त्याने बिरजूला धरलं, कारण गावात रेडा त्याच्याकडेच. बिरजूच्या मिशांना काजळ लावलं तेव्हा त्याची बायको म्हणाली, "माह्या घरी तर हा रोजच यम आहे, फोटो आज निघून राह्यला." सगळं गाव हसलं. माझा नातू गोपाल सगळ्यांत जास्त हसला.

मार्कंडेय तोच होणार होता. माझा मुलगा धनराज आणि कमळा यांचं एकुलतं लेकरू, सोळावं लागलेलं.

गोपालला सिकल होतं. आमच्या भागात सिकल म्हटलं की पुढे सांगावं लागत नाही, दुसरीकडच्यांसाठी सांगते. रक्ताचा आजार, आईबापाकडून आलेला. थंडी लागली, पाणी कमी पडलं, अंगाला ताण झाला की हाडांत अशी कळ उठते की जवान गडी जमिनीवर लोळतो. कमळा त्याला वैशाखातही पाणी तापवून द्यायची. होळीपर्यंत स्वेटर. रोजची पिवळी गोळी ती हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत तोंडाकडे पाहत उभी राहायची. पोट्टा चिडायचा. "बाई, तुह्या सुनंले सांग, मी का अंड्यातलं पिल्लू आहो का?" मला सगळं गाव गिरजाबाई म्हणतं, नातूही बाईच म्हणायचा.

कमळाला तो फोटो नकोच होता. ती प्रणितला म्हणाली, "त्या मार्कंड्याचं आयुष्य कमी लिहेल होतं. त्याच्या जागी माहाच पोरगा काऊन बसवतो?"

"मामी, शेवटी तो वाचतो," प्रणित म्हणाला.

शिवरात्रीच्या अलीकडची गोष्ट. पहाटे प्रणित गोपालला गाडीवर बसवून घेऊन गेला. बिरजूच्या गोठ्यात फोटो काढतो म्हणाला, तिथे कडबा आहे, ऊब आहे. कमळाने स्वेटरवर शाल दिली, पाण्याची बाटली दिली. दुपारी आमच्या ओसरीवर पोथी चालू होती. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून वाचायला कमळा. फासाचं पान उघडलं आणि तेवढ्यात गाडी दारात. गोपाल प्रणितच्या पाठीवर पालथा पडलेला, ओठ चावून रक्त आलेलं. "आई वो, पाय... आई वो, छाती..." कमळा उठली. उठताना तिने पानं जुळवली, फळी ठेवली, बासन बांधलं. वर्षानुवर्षांची हाताची सवय. पोथी उघडी टाकून कोणी उठत नाही. तिच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "थंडीत होता का? पाण्यात भिजला होता का?" मी तिथेच होते. धनराज प्रणितकडे पाहू लागला. प्रणित म्हणाला, "नाही. गोठ्यात होतो आम्ही." सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. माणसांनी करायचं ते सगळं केलं. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आमचा गोपाल गेला. मार्कंड्याच्या जत्रेला निघालेल्या गाड्या आमच्या समोरून वाजतगाजत जात होत्या आणि आम्ही त्याला घेऊन उलट्या बाजूने घरी येत होतो.

तेराव्यापर्यंत कमळा रडली. मग एक दिवस तिने पोथी काढली, बासन सोडलं, पाहिलं तर वर फासाचं पान. त्या दिवसापासून ती काही मिटत नाही.

कशी मिटत नाही ते सांगते. रात्री दार लावत नाही, कुत्री येऊन चुलीपाशी झोपतात. डब्याला झाकण नाही, साखर मुंग्यांची झाली. केस बांधत नाही. गाईला दावं बांधत नाही, ती लोकांच्या तुरीत जाते आणि लोक माझ्याशी भांडायला येतात. कोणाशी भांडायची मला भीती नाही, पण सांगू काय त्यांना? सून काय म्हणते? "बाई, मी गाठ मारली. लेकराच्या गळ्यात फास होता अन् मीनं वरून गाठ मारली."

मी शिव्या देऊन पाहिल्या, जवळ घेऊन पाहिलं. "अवो, कागदानं कोणी मरते का? सिकलनं गेला तो." ती नुसती पाहायची. धनराज तर शेतावरून येईनासाच झाला, तिथल्या खोपटातच झोपतो. घरात दोन बायका आणि उघडी दारं. मला जी एक गोष्ट पाहिजे होती ती एवढीच, की हिने एखादं झाकण तरी लावावं. डब्याचं का होईना. मी मरायच्या आत.

तर यंदा माघात प्रणित आला, नवी पोथी घेऊन.

सुंदर होती. खोटं कशाला बोलू? जाड हातकागद, हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा. चौकटी तांबड्या हिंगुळाच्या. अक्षर सासऱ्यांच्या वळणाचं, जसंच्या तसं. म्हणाला, नागपुरात प्रदर्शनात मांडणार आहे, पण त्याआधी घरात वाचली जायला हवी. मग कमळाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मामी, सोडवणुकीचं पान मी पूर्ण केलंय. त्याचा तो जत्रेतला हसरा फोटो होता ना, तो घातला. आपण या वेळी दोन्ही पानं सलग वाचू. गोपाल सुटेल."

कमळाच्या तोंडावर वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी हललं. ती उठली, हातपाय धुतले, आणि पाण्याचा हंडा जागेवर ठेवून त्याच्यावर ताटली झाकली.

मी ताटलीचा आवाज ऐकला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मनात म्हटलं, असू दे बापा. कागदाने मेला असं तिला वाटतं, तर कागदानेच सुटू दे. प्रणितला मनातल्या मनात दहा शिव्या माफ केल्या.

दुपारी ओसरीवर बसलो. वाचायला मी, शेजारी कमळा, समोर प्रणित. त्या दिवशी त्याने कॅमेरा बाजूला ठेवला होता, हे मी पाहिलं. पानं उलटत गेली. ऋषीचं तप, पोराचा जन्म, पोराची मुंज. मुंजीच्या चित्रात लहानपणच्या फोटोतला गोपाल टक्कल झाकायला हात डोक्यावर घेऊन उभा. कमळा थोडी हसली. "केस कापाले किती रडला होता!" ती म्हणाली.

मग फासाचं पान.

'फांस पडिला कोवळे गळां । बाळ न सोडी शिवशिळा ।' मी ओवी म्हटली आणि चित्र पाहायला पान डोळ्यांजवळ नेलं. ऑपरेशनपासून माझा एक डोळा जवळचं फार बारीक पाहतो.

मागे सपाट तांबडं आभाळ. डाव्या अंगाला बिरजू यम होऊन रेड्यावर. तो वेगळा काढून इथे बसवला, हे प्रणितनेच सांगितलं होतं. फासही रंगाने काढलेला. मधे काळा गोल दगड आणि त्याला मिठी मारून उघड्या अंगाचा माझा गोपाल. केस कपाळाला चिकटलेले. जुन्या पोथीतही मार्कंडेय उघडाच आहे, पण चित्रातल्या पोराला थंडी वाजत नाही. चितारी त्याला गुळगुळीत गोरा काढून मोकळा होतो. या पोराच्या दंडावर काटा उभा होता. एक एक लव ताठ. ओठ जांभळे. दगडावर टेकलेली बोटं पाहिली. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली, आमची दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी. पाणी शिंपडल्याने बोटं अशी होत नाहीत. गोठ्यात तर नाहीच नाही.

फास खोटा होता. काटा खरा होता.

मी पान खाली ठेवलं. कमळा म्हणाली, "बाई, थांबू नका ना. पुढचं पान घ्या." तिचा आवाज घाबरलेला.

मी विचारलं, "प्रणित, हा गोटा कुठचा?"

"कुठला, आजी?"

"हाच. बिरजूच्या गोठ्यात असा गोटा नाई. असे काळे गोटे नदीत असतात, डोहाच्या वर."

त्याची नजर भिंतीकडे गेली.

"आभाळाच्या रंगाखाली का आहे? नखानं खरडू का?"

"आजी, आधी वाचून होऊ दे..."

"कितीक वेळ बसवलं पाण्यात?"

कमळाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. प्रणितची मान खाली गेली.

"सूर्य वर येईपर्यंत," तो म्हणाला. "धुकं होतं आजी, नदीवर. तसं धुकं रोज येत नाही. मी त्याला विचारलं, निघू का? तोच म्हणाला, दादा अजून एक काढ, चांगला येऊ दे. त्याला बरं वाटत होतं, खरंच. निघाल्यावर त्याला शालीत गुंडाळलं, शेकोटी केली. दुपारपर्यंत काही नव्हतं."

"डॉक्टर इचारत होता."

"मी घाबरलो."

"अन् मंग वर्षभर?"

त्याने कमळाकडे पाहिलं नाही. "मामी मला फोनवर विचारायची, पोथी मिटली म्हणून झालं का रे? मी कधी हो म्हणालो नाही, आजी."

"नाई म्हणलास?"

तो बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्याचा पट्टा सारखा करू लागला.

डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर गोपाल वाचला असता का, मला माहीत नाही. कदाचित तेच सलाइन, तेच रक्त. पण ही बाई वर्षभर आपल्या हातांकडे पाहत बसली नसती. गाठ मारलेले ते हात. आणि हा येतो, सोनं लावलेलं पान पुढे करतो, आणि तिने न केलेल्या गुन्ह्याची तिला माफी वाटतो.

मला वाटलं कमळा ओरडेल. त्याच्या अंगावर धावून जाईल. मी तिला अडवणार नव्हते. ती तशी काही उठली नाही. तिने पान माझ्यासमोरून आपल्याकडे ओढलं, मांडीवर घेतलं, आणि चेहऱ्याजवळ नेऊन पाहिलं. मी पाहिलेलं सगळं तिला दिसलं. तिला तर जास्त दिसलं असेल.

"थंड आहे," ती म्हणाली.

आणि तळहाताने ती पानावरच्या गोपालचे दंड चोळू लागली. कळ उठली की चोळायची तशी, खांद्यापासून कोपरापर्यंत, कोपरापासून बोटांपर्यंत. पदर घेऊन त्याच्या उघड्या पाठीवर टाकला, पुन्हा काढला, पुन्हा चोळलं. मधेच तळहातावर फुंकर मारून ऊब करायची. तांबडं आभाळ तिच्या हाताला लागत होतं. तिच्या हातावरून ते गोपालच्या अंगावर उतरत होतं.

मी तिच्या खांद्याला हात लावला. "कमळा, तुहा गुन्हा नाई. ऐकलं का? गाठ मारल्यानं नाई झालं." तिने ऐकलं नाही. वर्षभर मला वाटायचं, कोणी हिला हे एक खरं सांगितलं की ही उठेल आणि दार लावेल. खरं आता समोर पडलं होतं. दार सताड उघडं होतं. कुत्रं येऊन उंबऱ्यात बसलं.

तेवढ्यात प्रणितचा हात पुढे आला. मला वाटलं तिच्या पायांकडे चालला. तो पानाकडे चालला होता.

"मामी, हळू," तो म्हणाला. "रंग निघतोय."

म्हणून झाल्यावर त्यालाच कळलं आपण काय बोललो. हात तिथेच थांबला.

मी सोडवणुकीचं पान उचललं. उलटून पाहिलंही नाही. पोथीची बाकी पानं गोळा केली, सोडवणुकीचं त्यांच्या खाली सरकवलं, फळ्या लावल्या, बासन घेतलं आणि बांधलं. या घरात सून म्हणून आल्यापासून मी कधी जे केलं नाही ते केलं. फासाचं पान कमळाच्या मांडीवर, आणि बाकी पोथीवर माझ्या हाताची गाठ. दोनदा आवळली. पोथी त्याच्या पायांशी ठेवली आणि त्याला म्हटलं,

"प्रणित, इकडं पाह्य. भिंतीकडं नाई, माह्याकडं. यमाच्या मागं लपू नको. तुह्या त्या यमाचा फास रंगाचा आहे, बिरजूचा रेडाही गरीब आहे. माह्या लेकराले थंडी वाजत होती अन् ते तुले दिसत होती. आमाले नाई दिसली, तुले दिसली. तू त्याच्यावर शाल टाकाच्या अगुदर त्याचा फोटो काढला. अन् आज त्याची माय त्याले ऊब देऊन राह्यली, तं तुले रंगाची पडली. तुह्या डोळ्यात माणूस जात नाई रे, चित्रच जाते. हे पान वाचून कोणी सुटत नसते. गोपाल नाई, कमळा नाई, अन् तू तं नाईच. ने तुही पोथी, जिथी मांडाची तिथी मांड. हे एक पान इथीच राहीन, कारण ते तुहं नाई, तिचं आहे. आता ऊठ. अन् जाताना दार उघडंच ठेव. ते लावणारं आता या घरात कोणी नाई."